अलीकडे वाचलेलं : खोताची ओटी, कुळाचं अंगण आणि इतर बरंच काही

पागोळी

पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की गेली. मग मोबाईल बाजूला पडतो आणि वाचन होतं. यंदा हाताला लागेल ते वाचलं. कोकणातल्या कादंबऱ्या, एक आत्मकथन, १८५७ची एक हकीकत, मधूनच थोड्या विज्ञानकथा. ही परीक्षणं नाहीत, एका वाचकाची मतं आहेत. पटली नाहीत तर भांडा, पण पुस्तक वाचून भांडा.

सुरुवात 'तुंबाडचे खोत'पासून. श्री. ना. पेंडशांची ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली आली. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या. मी खेडच्या बाजूला बरीच वावरलेली, त्यामुळे खाडीची, गाळाची, भरती-ओहोटीची वर्णनं वाचताना कुठेही खोट वाटली नाही. पहिला खंड मी अधाशासारखा संपवला. माणसं वाईट वागतात, निर्लज्जपणे वागतात, आणि लेखक मध्ये पडून त्यांची बाजू सावरत नाही. दुसरा खंड मात्र रेंगाळला. काळ गांधीयुगाकडे सरकतो तशी माणसं जगण्यापेक्षा बोलतात जास्त. तरी सोडवलं नाही.

त्यानंतर लगेच गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) घेतली आणि तिथे माझं डोकं फिरलं. भाषा अप्रतिम, यात वाद नाही. विदर्भातल्या परतवाड्यात जन्मलेल्या माणसाने अंबूवहिनीच्या तोंडून जी बोली उभी केली आहे ती ऐकताना माझी आजीच बोलतेय असं वाटत राहिलं. पण गाव बुडतं कशामुळे? कादंबरी वाचून असं वाटतं की माणसांची मनं फिरली, भाऊबंदकी माजली, जुनी माया आटली म्हणून बुडालं. शेतात राबणारा कुळवाडी येतो तो वाड्याच्या मायेपुरताच येतो. त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजलं ते कळत नाही.

इथे थोडा इतिहास आठवावा लागतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारचा ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून मक्ता वसूल करायचा. मक्त्याशिवाय वेठ, म्हणजे फुकट राबणं, वेगळी. याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ इतका दीर्घ संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. म्हणजे 'पडघवली' छापली गेली तेव्हा हे सगळं ताजं होतं. ज्या गोष्टीवर कुळं सहा वर्षं उपाशी राहिली, ती गोष्ट आमच्या गाजलेल्या कादंबऱ्यांत फक्त 'वैभव गेलं' एवढ्या उसाशापुरती येते. माझं म्हणणं एवढंच की कोकणावरची आपली आवडती कादंबरी बहुतेक खोताच्या ओटीवर बसून लिहिलेली आहे. ओटीवरून अंगण दिसतं, पण अंगणातून ओटी कशी दिसते ते वेगळंच असतं.

ते दिसलं 'आयदान'मध्ये. उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ साली आलं, मी एवढ्या उशिरा वाचलं. त्या रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. आयदान म्हणजे बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या. त्यांची आई ते विणून विकायची आणि त्यावर घर चालायचं. वडील शिक्षक, पण ते लवकर गेले. पुस्तक सुरू होतं तेच गावच्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघतात तिथून. त्या वाटेवर त्या एकमेकींची थट्टा करतात, शिव्या देतात, थकतात. कुठेही 'बघा आम्ही किती सोसलं' असा सूर नाही. टोपल्या पोचवायला गेलेल्या मुलीच्या हातात पैसे वरून टाकले जातात, टोपलीवर पाणी शिंपडून ती घरात घेतली जाते. हे त्या सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र पुढे जाता येईना.

कारण त्याच आठवड्यात भाचीच्या अभ्यासासाठी 'श्यामची आई' परत चाळली होती. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे दापोली तालुक्यातले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं पुस्तक. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते, कोणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या ब्राह्मण घरात हे सांगायलाही धाडस लागत असेल, मी ते कमी लेखत नाही. पण 'आयदान' वाचल्यावर मला त्या आंघोळीकडे बघून पुढे जाताच येत नाही. मोळी तीच, वाट साधारण तीच. एका पुस्तकात मोळी उचलून देणारा मुलगा आहे, दुसऱ्यात ओझं वाहणारी बाई स्वतः बोलते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, वेगवेगळी नका वाचू.

'आयदान'चा मुंबईचा भागही दमदार आहे. नोकरी, लेखन, स्त्रीचळवळ, आणि बायको शिकत चालली की नवऱ्याला काय काय होतं ते. तिथे त्या चळवळीतल्या पुरुषांनाही सोडत नाहीत.

उरलेलं थोडक्यात. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' दुसऱ्यांदा वाचला. वरसईचा, म्हणजे पेणजवळचा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं ऐकून काकांबरोबर दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेला निघतो आणि थेट सत्तावन्नच्या बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा हा माणूस शहरात होता. लूट, कत्तल, जळणारी घरं, सगळं जीव मुठीत धरून बघितलेलं. त्याला वीर व्हायचं नाही आणि इतिहासकार तर मुळीच नाही. दक्षिणा किती मिळाली आणि किती लुटली गेली याची त्याला पूर्ण आठवण. म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवते. शेवटी पदरात पैसा नाही, पण आईवडिलांना आंघोळ घालायला गंगेची कावड घेऊन वरसईला परत येतो. यावर अजून कोणी नीट चित्रपट का केला नाही?

आणि जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. कल्पना अजून ताज्या, पण पात्रांना चेहरा नाही. हे वाक्य लिहिताना भीती वाटतेय.

तुम्ही काय वाचलंत?

कातळसडा

भीती वाटायलाच हवी. नारळीकरांच्या कथेत चेहरा शोधायचा नसतो, तिथे प्रश्न हाच नायक. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. पहिलं बक्षीस मिळालंच. अशा माणसाला थोडी सूट द्या.

आता मुख्य भांडण. पेंडशांना तुम्ही सरसकट ओटीवर बसवलंत. 'गारंबीचा बापू' (१९५२) विसरलात? तिथे खोत खलनायकाच्या जागी आहे. बापू कफल्लक, उनाड, गावाने ओवाळून टाकलेला. तो राधेशी उघड नातं जोडतो, गावाच्या नाकावर टिच्चून तिच्याबरोबर संसार करतो आणि सुपारीच्या व्यापारात वर येतो. मुर्डीत जन्मलेल्या माणसाने आपल्याच गावकीला इतकं उघडं केलं, हे पाऊण शतकापूर्वी. आणि 'रथचक्र'? तिथली नायिका माजघरातून लिहिली आहे, ओटीवरून नाही. लेखकाने तिला नावसुद्धा दिलेलं नाही, 'ती' एवढंच. मुलांच्या शिक्षणासाठी ती ज्या चिकाटीने धडपडते ते वाचून मला माझ्या आजीचा राग समजला.

पागोळी

कातळसडा, 'रथचक्र'बद्दल हजार टक्के सहमत. पेंडशांचं मला सगळ्यात आवडतं तेच. बापूबद्दल मात्र नाही. बापू खोताशी भांडतो खरा, पण शेवटी त्याच जागेवर जाऊन बसतो. गावाने त्याला मान द्यायचा तो पैसा आल्यावर. सत्तेची ओटी तशीच राहते, बसणारा बदलतो. पेंडशांना हे कळलेलं होतं की नाही यावर आपण बोलू शकतो, पण कुळाचं अंगण तिथेही नाहीच.

ठाण्याचा चाकरमानी

मंडळी, एक भाबडा प्रश्न. 'तुंबाड' चित्रपट याच कादंबरीवर आहे का? गणपतीला गावी येताना गाडीत यावरून आमच्या डब्यात जोरदार वाद झाला. दादरपासून सुरू झालेला वाद माणगाव गेलं तरी संपेना.

आणि पागोळीताई, 'पडघवली'ला एवढं झोडपू नका. आम्ही वर्षभर लोकलला लटकणारी माणसं, ते पुस्तक वाचून रडतो आणि मग गावचं घर शाकारायला पैसे पाठवतो. एवढं तरी चांगलं घडतंच ना.

कातळसडा

नाही. २०१८च्या चित्रपटाने नाव तेवढं घेतलं, कथा वेगळी आहे. तिचं नातं नारायण धारपांच्या भयकथेशी आहे. कादंबरीत सोन्याच्या नाण्यांची गुहा वगैरे काही नाही. चित्रपटातला तो राक्षस, हस्तर, शोधायला दोन खंड घेऊन बसलेले लोक मला माहीत आहेत, बिचारे वंशावळ पाठ करून परतले.

पागोळी

चाकरमानीदादा, रडा, खुशाल रडा. माझी तक्रार तुमच्या रडण्याबद्दल नाहीच. गाव सोडून गेलेल्यांनी आणि त्यांच्यासाठी लिहिलेलं कोकण एवढं गोड असतं की इथे राहणाऱ्याला त्यात स्वतःचं घर सापडत नाही. तुम्ही वर्षातून दोनदा येता तेव्हा अंगण सारवलेलं असतं. सारवणारी बाई कोण, तिला काय मिळतं, तिची मुलगी कुठे शिकते, याचं पुस्तक मला हवं आहे. घर शाकारायला पैसे पाठवता हे उत्तमच. हल्ली कौलं चढवणारा माणूस मिळत नाही, तो कुठे गेला याचीही कादंबरी होईल.

रापणकार

पागोळीताई, तुमचा लिवणा आवडला. माका साहित्यातला काय कळणा नाय, पण एका पुस्तकाबद्दल सांगतंय. (पुढचं साध्या मराठीत लिहितो, नाहीतर चाकरमानी अर्थ विचारत बसतील.)

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी शिवायची आणि उरलेल्या वेळात वाचायचं, असा आमच्या घरचा रिवाज. यंदा पुलंनी केलेला हेमिंग्वेच्या कादंबरीचा अनुवाद वाचला, 'एका कोळियाने'. म्हातारा सान्तियागो, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, मग एकटाच खोल समुद्रात जातो, होडीपेक्षाही लांब मासा गळाला लागतो, आणि परत येताना शार्क तो खाऊन टाकतात. जगातल्या भारी पुस्तकांत याचं नाव घेतात.

दोरी हाताला कापते, खांद्यावर घ्यावी लागते, माशाने ओढ घेतली की किती सोडायची आणि कधी धरायची, हे सगळं अचूक. हे लिहिणारा माणूस दर्यावर गेलेला आहे, हे पहिल्या पानांतच कळलं. पण मला एक गोष्ट रुतली. हा माणूस एकटा का? आमच्याकडे रापण म्हणजे सगळी वाडी. होडीने जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. बाप्ये, बायका, पोरं, सगळी. मिळालेल्या माशांचे वाटे ठरलेले. वाटेने जाणारा कोणी दोरीला हात लावून गेला तरी त्याच्या हातात चार बांगडे पडणार. आमच्यात शौर्य असलंच तर ते वाटणीत असतं. एकट्याने मासा जिंकायचा आणि एकट्यानेच हरायचं, हे वाचताना मला त्या म्हाताऱ्याची कीव आली, गौरव नाही वाटला. मी ओरडलो, अरे पोराला घेऊन जा ना बरोबर! म्हातारापण तेच म्हणतो की, पोरगा हवा होता. ते मात्र लेखकाने बरोबर ओळखलंय.

आणि शार्क. पुस्तकात ते राक्षस. आमच्याकडे मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण केलं की शेजारी ताट घेऊन येतात. म्हातारा स्वतःही रोज पिंपातून शार्कच्या यकृताचं तेल पेलाभर पितो. बहुतेक कोळ्यांना त्याची चव आवडत नाही, हा मात्र थंडीताप येऊ नये आणि डोळ्यांना बरं म्हणून पितो. ते वाचून मला आमचा आजा आठवला, त्याचीही असली औषधं होती.

आता त्या पुस्तकाच्या पुढची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी. पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणारे) आणि एलईडीचे दिवे लावून मासे ओढणारे आले आणि रापणीला येणारा बांगडा किनाऱ्यापर्यंत पोचेनासा झाला. शार्कने खाल्लेल्या माशाचा सांगाडा तरी उरतो.

पागोळी

रापणकार, साहित्यातलं कळत नाही असं परत म्हणायचं नाही. सान्तियागोच्या एकटेपणावर मी बरंच वाचलं आहे, पण वाटणीच्या बाजूने त्याच्याकडे कोणी बघितलेलं मला आठवत नाही. हे जरा सविस्तर लिहा, वेगळा धागा काढा.

झुंजारभक्त

तुम्ही सगळे फार गंभीर आहात. मी यंदा बाबुराव अर्नाळकर वाचले. रद्दीच्या दुकानात गठ्ठा मिळाला, अर्धी पानं कसरीने खाल्लेली. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. एका बैठकीत एक पुस्तक संपतं, दुसऱ्या दिवशी आठवत नाही, तिसऱ्या दिवशी तेच पुस्तक परत तितक्याच उत्साहाने वाचता येतं. यापेक्षा स्वस्त करमणूक नाही.

टीका करायचीच तर एवढीच की खलनायक दारातून आत आल्याबरोबर कळतो. पण वेग बघा. वर्णनात वेळ घालवत नाहीत, तीन ओळींत खून, चौथ्या ओळीत मोटार. 'तुंबाडचे खोत'च्या दुसऱ्या खंडाला असा एखादा झुंजार पाहिजे होता.

खोताची ओटी-बिटी इथे नाही. फक्त बंगले.

कुडाळची सर

चिं. त्र्यं. खानोलकरांचं नाव एवढ्या पोस्टींत नाही? हा सिंधुदुर्गावर अन्याय आहे. वेंगुर्ल्याजवळचा माणूस, कुडाळात खानावळ चालवली, आरती प्रभू नावाने कविता लिहिल्या आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

मी 'कोंडुरा' (१९६६) परत वाचली. वेंगुर्ल्याजवळ याच नावाचा किनारा आहे, तिथे एकदा पावसाळ्यात उभे राहा. पाणी कपारीत घुसतं आणि जो आवाज येतो तो ऐकल्यावर कादंबरीतली दैवी भीती कुठून आली असेल हे वेगळं सांगावं लागत नाही. गर्भ पाडणारी मुळी आणि त्याबरोबर ब्रह्मचर्याची अट. माणसाला देवाने शक्ती दिली की सापळा लावला, हे शेवटपर्यंत कळत नाही. पागोळीताई, तुमच्या ओटी-अंगणाच्या मापात खानोलकर बसत नाहीत. त्यांच्याकडे खोत आणि कूळ दोघेही सारखेच घाबरलेले असतात.

पागोळी

सरबाई, मुद्दा मान्य आणि तरीही तक्रार आहे. 'कोंडुरा' मी पूर्वी वाचली होती. त्यातला समुद्र अंगावर येतो. पण घाबरलेले सगळे असले तरी मुळीची किंमत बाईच्या शरीरातून वसूल होते ना? देवाचा कौल कोणाच्या पोटावर आजमावला जातो ते बघा. खानोलकरांना हे दिसत होतं असं मला वाटतं, पण ते नजर पुन्हा पुरुषाच्या शापाकडे वळवतात. शाप त्याला आणि मरण तिला.

त्यांच्या कवितेबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. 'नक्षत्रांचे देणे' उशाशी असतं.

झुंजारभक्त, बंगल्यातला नोकर कोण असतो ते पुढच्या वेळी बघून सांगा.

झुंजारभक्त

बघितलं. निम्म्या वेळा तोच खुनी निघतो.

ठाण्याचा चाकरमानी

हाहा. ताई, आता बोला.

बरं, मी 'आयदान' मागवलं. दोन शंका. मुलगी बारावीला आहे, तिने वाचलं तर चालेल का? आणि 'माझा प्रवास'च्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रती दिसतायत, घ्यायची कोणती?

पागोळी

मुलीला जरूर द्या. काही प्रसंग तिला अस्वस्थ करतील. ती विचारेल त्याची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील, म्हणून आधी तुम्ही वाचा.

'माझा प्रवास'चं असं आहे की गोडशांनी हे इतिहासकार चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून दिलं. वैद्यांनी ते इंग्रज सरकारच्या भीतीने बरीच वर्षं ठेवून दिलं आणि गोडसे गेल्यावर १९०७ साली छापलं, तेही मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ मजकूर प्रसिद्ध केला. तेव्हा प्रत उघडून प्रस्तावना बघा. मजकूर वैद्यांचा की पोतदारांचा ते तिथे कळतं. पोतदारांचा असेल तर घ्या, भाषा जरा अडखळवते पण माणूस तो खरा. वैद्यांची प्रत सोपी वाचायला, ती मुलीला चालेल.

रापणकार

चाकरमानीदादा, तुमची वाचून झाली की माका धाडा. एस्टीच्या पार्सलान चलात.